मूळ टेपचे दहा तुकडे

बाबांना ऐकू येत नाही हे आम्हाला कुकरमुळे कळलं. आई खाली पाण्याच्या रांगेत गेली होती आणि जाताना सांगून गेली होती की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. बाबा ओट्याला टेकून पेपर वाचत उभे होते, कुकर त्यांच्या कोपरापासून हातभर. मी बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेलो, त्यामुळे मलाही काही ऐकू आलं नाही. आई दोन हंडे घेऊन तीन जिने चढून वर आली तेव्हा करपल्या डाळीचा वास जिन्यात पोचला होता, शेजारच्या वहिनी आमच्या दारात उभ्या होत्या आणि आम्ही बापलेक आपापल्या जागी शांत. आईनं विचारलं, "अहो, किती झाल्या?" बाबा म्हणाले, "एक पण नाही अजून." वहिनी हसल्या. मग आईचा चेहरा बघून थांबल्या.

नालासोपाऱ्यात पूर्वेला एक खोली आणि स्वयंपाकघर, असं आमचं घर. संगमेश्वराकडून आलेल्या माणसाला स्वतःच्या नावावर चार भिंती मिळाल्या याचा बाबांना फार अभिमान होता, पण त्या भिंती इतक्या पातळ की वरच्या मजल्यावर पाट सरकवला तरी आमच्या ताटात ऐकू येई. कुकरच्या प्रसंगानंतर टीव्हीचा आवाज रोज थोडा वाढत गेला. शेजारी दार वाजवून सांगू लागले. ते सांगायला आले हे बाबांना कळायचं नाही आणि आई ओशाळायची, म्हणून तिनं खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली. उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी सातला आमच्याकडे सगळं बंद. आत बातम्यांचा गडगडाट, तव्यावर मांदेली, त्यांचा धूर कोंडलेला, आणि चौघांऐवजी चाळीस माणसं असल्यासारखा दमट उबारा. चौथी माझी धाकटी बहीण. ती अभ्यासाला मैत्रिणीकडे पळायची. आईनं बाबांशी बोलायची एक पद्धत बसवली होती. जेवताना काही सांगायचं असलं की ती त्यांच्या ताटाच्या कडेवर डाव टेकवायची. बोटांना हादरा लागला की ते वर बघत आणि मग ती सावकाश, ओठ मोठे करून बोले. पुढे पुढे ती आमच्याशीही तशीच बोलू लागली.

बाबा वालीवच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर होते. पत्र्याची झाकणं, पंख्यांच्या पाकळ्या, असलं काहीबाही तिथे ठोकून निघायचं. बावीस वर्षं. कानात घालायला कापसाचे बोळे, तेही घरून न्यायचे. कामगारांच्या दवाखान्यात त्यांच्या कानांची तपासणी झाली तेव्हा एक आलेख मिळाला. त्यावरची रेघ टेकडीच्या उतारासारखी खाली घसरत गेलेली. बाबांनी तो कागद रेशनकार्डाच्या फायलीत ठेवला आणि आम्हाला सांगितलं, "डाव्या कानात शिट्टी वाजते रे सारखी. पाळी संपते, ती काय संपत नाय." एवढंच. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. माझाही नाही, पण बाबा गप्प राहून सोसत होते आणि मी गप्प राहून लपवत होतो. हा फरक लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मी हेडफोनवर काय ऐकत होतो ते आता सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्याला संगीत म्हणावं की नाही यावर आजही कोणी माझ्याशी भांडेल. सूर नाही, ताल नाही. फुटका अॅम्प्लिफायर, घासलेला पत्रा, माइक स्पीकरसमोर धरल्यावर निघते ती किंचाळी, आणि हे सगळं एकावर एक रचून अर्धा-अर्धा तास. जगात याला 'नॉइज' म्हणत. मला ते मिळालं सायमनकडून. सायमन कॉलेजात माझ्या बाकावर बसायचा, वसई पश्चिमेच्या बागायती पट्ट्यातला. घरी केळी आणि पानवेल. त्याचा मामा बोटीवर होता, आणि त्यानं कुठल्याशा जपानी बंदरातल्या दुकानातून भाच्यासाठी गाण्याची म्हणून एक कॅसेट आणली. सायमनच्या आईनं ती एकदा लावली आणि टेपरेकॉर्डर बिघडला समजून प्लग काढून ठेवला. सायमननं मात्र ती शेवटपर्यंत ऐकली आणि दुसऱ्या दिवशी मला दिली.

कॅसेटच्या डबीत पत्त्यांची एक चिठ्ठी होती. ती चिठ्ठी म्हणजेच या सगळ्या कारभाराचा दरवाजा. अशी दुकानं जवळपास नव्हतीच, कंपन्या नव्हत्या. ओसाकात, बेल्जियममध्ये, इटलीत कुणीतरी घरी बसून वीस-तीस प्रती काढायचा, हातानं क्रमांक घालायचा आणि पोस्टानं पाठवायचा. तुम्ही त्याला तुमची कॅसेट पाठवायची, नसली तर कोऱ्या कॅसेटी. प्रत्येक पाकिटात आणखी दहा जणांच्या झेरॉक्स चिठ्ठ्या. पोस्टाच्या तिकिटांवर डिंकाचा पातळ हात फिरवायचा, म्हणजे वरचा शिक्का पाण्यानं धुता येतो आणि तेच तिकीट पुन्हा चालतं. ही चोरी आम्ही धर्मकार्यासारखी पाळत होतो. एका इटालियनानं आम्हाला चार पानी पत्र लिहून कळवलं होतं की याची सुरुवात त्यांच्या देशात झाली, पहिल्या महायुद्धाच्याही आधी, एका चित्रकारानं गुरगुरणाऱ्या आणि घरघरणाऱ्या पेट्या बनवून भर नाट्यगृहात वाजवल्या आणि लोक मारामारीवर आले. सायमन ते वाचून म्हणाला, "आपल्याकडे हे रोज वालीवला फुकट वाजतं, कोणी तिकीट काढत नाही."

त्याची ती थट्टा माझ्या डोक्यात रुतली. आमच्याकडे देवाणघेवाण करायला स्वतःचं काही नव्हतं. मिळालेल्याच्याच प्रती काढून पाठवायचो आणि जगभरच्या त्या यादीत आम्ही सगळ्यांत खालचे. ज्याच्याकडे दुर्मीळ माल, त्यालाच दुर्मीळ माल मिळे. नीट बघितलं तर तिथेही शेजारपाजारच्यासारखीच उतरंड होती, फक्त तिथले शेजारी मला कधी दिसले नाहीत. बंद खिडक्यांच्या त्या घरात हेडफोनच्या आत मला जेवढी मोकळी हवा मिळायची तेवढी कुठेच मिळत नव्हती, आणि त्या जगात मला नाव पाहिजे होतं.

मी बाबांना सांगितलं की कॉलेजात ध्वनिप्रदूषणावर प्रकल्प आहे आणि गाळ्यातला आवाज टेप करून पाहिजे. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं. उलट त्यांना आनंद झाला. मुलाच्या शिक्षणात आपलं काम उपयोगी पडेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. सायमनचा लहान रेकॉर्डर आईनं शिवलेल्या कापडी पिशवीत घालून ते डब्याबरोबर घेऊन गेले आणि पूर्ण कॅसेटभर आवाज घेऊन आले. बाबा नेटके माणूस. सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या मोठ्या, सपाट आवाजात नोंद केली होती: आज मंगळवार, पहिली पाळी, नऊ प्रेस चालू आहेत. मागून तांडेलकाका, म्हणजे शेजारच्या प्रेसवरचे त्यांचे मित्र, विचारतात, "कोनाशी बोलतंस रे?" आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटं त्या बाजूला आणि पंचेचाळीस या, नुसतं लोखंड. मी ते ऐकलं आणि कॅसेट मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून लावली. आमच्याकडे आलेल्या शंभरेक कॅसेटींत त्या तोडीची एक नव्हती. बाबा रोज या आवाजात उभे असतात, असा विचार मला त्या वेळी शिवलासुद्धा नाही.

सायमनच्या घरी दोन कॅसेटींचा डेक होता. एका रविवारी त्याच्या घरचे मिस्साला गेले असताना आम्ही दहा प्रती काढायला बसलो. एका बाजूला मी तो आवाज अॅम्प्लिफायरमधून काढून आणखी फाडला होता. दुसरी बाजू जशीच्या तशी, बाबांच्या बोलण्यासकट. परदेशी लोकांना न कळणारी भाषा आवडते हे मला माहीत होतं. मग एका डच कॅसेटवरून शिकलेली गोष्ट केली. मूळ कॅसेट उघडली, फीत बाहेर काढली, ब्लेडनं तिचे दहा तुकडे केले आणि प्रत्येक डबीत एक तुकडा घातला. याचा अर्थ, यापुढे या टेपची अकरावी प्रत कधीच निघणार नाही. संग्राहकाला यासारखी ग्वाही नाही. वेष्टणासाठी मी फायलीतून बाबांच्या कानाचा आलेख नेऊन झेरॉक्स केला. त्यांचं नाव पांढऱ्या शाईनं पुसलं, तेवढी लाज होती. वर देवनागरीत नाव टाकलं, 'बहिरा'.

सायमन कापाकापी चालू असेपर्यंत हसत होता. वेष्टण बघितल्यावर हसायचा थांबला.

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना काय कळणार आहे यातलं?"

"म्हणून तर विचारायचं ना," तो म्हणाला. "माझ्या बापाच्या रिपोर्टचं तू असं केलं असतंस, तर मी तुला विहिरीत ढकललं असतं."

मी त्याला म्हणालो की तुला नाव मिळत नाही म्हणून पोटात दुखतंय. वाईट बोललो. तो उठला, त्यानं दोन नंबरची प्रत कपाटात ठेवली, बाकीच्या माझ्यापुढे सरकवल्या आणि अंगणात जाऊन बसला. त्यानंतर आम्ही एकाच बाकावर दोन टोकांना बसू लागलो.

आठ प्रती आठ पत्त्यांवर गेल्या. पत्रं आली. बेल्जियमच्या माणसानं विचारलं, सुरुवातीला बोलणारा तो कोण आहे, काय विलक्षण आवाज आहे. मी उत्तर दिलं, एक कामगार. एकानं माझ्या उरलेल्या, एक नंबरच्या प्रतीच्या बदल्यात पत्र्याच्या डबीत बंद केलेली, फक्त पाच निघालेल्या कॅसेटींतली एक देऊ केली. मी एक नंबरही पाठवून दिला. ती पत्र्याची डबी आली त्या दिवशी आईनं घावन केले होते आणि मी जेवायलाही उठलो नाही, इतका खूश होतो.

याच सुमारास गाळ्याच्या शेठनं बाबांना, तांडेलकाकांना आणि आणखी एकाला बोलावून सांगितलं की तुम्हाला घंटा ऐकू येत नाही, उद्या कुणाचा हात गेला तर जबाबदारी कोणाची, तेव्हा राजीनामे द्या. बाबा त्या दिवशी घरी येऊन नेहमीसारखे जेवले आणि मग ताट सरकवून आईला म्हणाले, "बहिरा झालो म्हणून काढतायत. पण कुठं झालो ते कोण बोलायला तयार नाय." त्यांना भांडण नको होतं. या प्रेसनं माझे कान गेले, असं कुठल्यातरी कागदावर लिहून यावं आणि त्यांना पॅकिंगमध्ये बसवावं, एवढीच मागणी. तांडेलकाकांनी तिघांच्या वतीनं कामगार खात्यात अर्ज दिला. खात्याचे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले त्या दिवशी शेठनं चार प्रेस चालू ठेवल्या आणि पाचांवर 'दुरुस्तीत' अशा पाट्या लावल्या. साहेबांच्या यंत्राचा काटा फारसा हलला नाही. पुढच्या सोमवारी दोन्ही बाजूंना कार्यालयात बोलावलं.

ते बोलावणं आलं त्या संध्याकाळी उकाडा असह्य झाला म्हणून आईनं टीव्ही बंद करून खिडकी उघडली होती. बाबा माझ्यासमोर येऊन बसले. चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळलेला.

"संजू, तुझ्या प्रकल्पाची ती टेप आहे ना रे? त्यात मी बोललोय. नऊ प्रेस चालू, असं बोललोय मी. तांडेल पण आहे त्यात."

मी म्हणालो, "ती खराब झाली बाबा."

"काय?"

"खराब झाली. मशीननं खाल्ली."

त्यांनी कानामागे हात नेला. खोटं एकदा बोलणं सोपं असतं. मला ते तीनदा बोलावं लागलं, आणि तिसऱ्यांदा इतक्या जोरात की समोरच्या गॅलरीतल्या बाईनं दोरीवरचे कपडे काढता काढता वळून बघितलं. मशीननं खाल्ली. आई डाव हातात धरून माझ्याकडे बघत होती. बाबांना आता ऐकू आलं होतं. ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. तुझे मार्क तर मिळाले ना?"

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तांडेलकाका घरी आले. चहा घेताना मला म्हणाले, "एखादी कॉपी पन नाय काय रं? कोनाकडं तरी ऱ्हायली आसंल." मी नाही म्हणालो. दोन नंबरची प्रत पाऊण तासाच्या अंतरावर सायमनच्या कपाटात होती. वेष्टणाचा कागद काढून नुसती कॅसेट आणता आली असती. 'बहिरा' हे नाव कुणाला दिसलं नसतं. आपल्याला सुचलं नाही असं मी पुढे स्वतःला सांगत आलो, पण ते मला त्याच दिवशी सुचलं होतं. शुक्रवारी मी एसटीनं सायमनच्या गावी गेलोही. त्याच्या आईनं मला वाडीच्या तोंडाशी बघितलं. त्यांची घरातली बोली मला निम्मीच कळे, पण माझ्याशी त्या शाळेतल्यासारखं मराठी बोलत. म्हणाल्या, कितीतरी दिवसांनी आलास, सायमन चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलाय, येईलच, बस. त्यांनी माझ्या हातात घरची वाळवलेली केळी, सुकेळी, ठेवली. मी ओट्यावर बसलो. आता तो येणार, मी मागणार, तो विचारणार कशाला, आणि मला सांगावं लागणार की तू बरोबर होतास. केळीच्या पानांत वारा शिरला की पाऊल वाजल्यासारखं होई. दोन-तीनदा तसं झालं आणि मी उठलो. सायमनच्या आईला म्हणालो, घाई आहे. त्या म्हणाल्या, अरे, पण काही निरोप? मी म्हणालो, काही नाही, सहज आलो होतो.

सोमवारी तिघांनीही सह्या केल्या. कागदावर होतं, 'स्वखुशीने'. बाबांनी तो शब्द घरी आल्यावर आईला दोनदा वाचून दाखवला. नंतरची चौदा वर्षं त्यांनी चंदनसारला एका पिठाच्या गिरणीत काढली. तिथे बहिरा माणूस चालतो. मी ती पत्र्याची डबी कधी उघडली नाही. नवीन कॅसेट मागवली नाही, पत्रांना उत्तरं दिली नाहीत. हे प्रायश्चित्त होतं असं मी बरीच वर्षं मानलं. खरं तर त्याचा बाबांना काडीचा उपयोग नव्हता. टेप असती तरी साहेबांनी ती ग्राह्य धरली असती का, हा प्रश्नही मी तितकीच वर्षं ढालीसारखा पुढे धरला. धरली असती किंवा नसती. बाबांचा स्वतःचा आवाज त्या टेबलावर वाजला असता, एवढं नक्की. तोच मी नऊ अनोळखी माणसांना पाठवला आणि बाबांना दिला नाही.

बाबा आता माझ्याकडेच असतात. आई गेल्यावर ताटाला डाव टेकवायचं काम माझ्याकडे आलं. इथवर लिहून झाल्यावर कागद त्यांच्या हातात दिले, कारण हे मी त्यांच्यासमोर ओरडून सांगू शकलो नसतो. त्यांनी चष्मा लावला आणि पेपर वाचतात तसे एकेका ओळीखाली बोट ठेवत वाचले. चहा गार झाला. आलेखाचा मजकूर आला तिथे बोट बराच वेळ थांबलं. सगळं संपल्यावर त्यांनी कागद जुळवून मांडीवर ठेवले. मी पुष्कळ काय काय ऐकायची तयारी केली होती.

"सायमनकडे आहे का अजून ती?" त्यांनी विचारलं.

मी ओठ मोठे करून म्हणालो, "माहीत नाही."

"विचार."

"आता?"

"मग कधी?"

सायमनचा नंबर माझ्याकडे आहे. पहिल्या फोनपासून प्रत्येक नव्या फोनमध्ये मी तो न चुकता उतरवून घेतलाय, आणि एकदाही लावलेला नाही. मी तो लावला. पलीकडे घंटा वाजू लागली. बाबांनी खुर्ची पुढे ओढली आणि मी काय बोलतो ते बघायला माझ्या ओठांवर नजर ठेवून बसले.